प्रागतिक पक्ष आणि डहाणू-तलासरीचा मुलूख : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथाच्या निमित्ताने

महाराष्ट्रातील प्रागतिक पक्षाचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा पुणे आणि मुंबई ह्या दोन शहरांची वेस ओलांडीत नाही. १८९६ साली डेक्कन सभा स्थापन झाली. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी भारत सेवक समाज काढला. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली. १९१८ साली प्रागतिकांनी काँग्रेसबाहेर पडून आपली निराळी अखिल भारतीय परिषद मुंबईस भरविली. आणि पुढे गांधीयुगाच्या लोटात हा पक्ष हळूहळू दिसेनासा झाला, असा तो ठरलेला कथाभाग आहे. ऱ्हासाचे कारणही ठरलेलेच सांगतात. राज्यकर्त्यांवर फाजील विश्वास आणि जनतेच्या भावनेशी फारकत, ह्या दोन दोषांनी पक्ष बुडाला असे विरोधक म्हणतात. काळ प्रतिकूल होता असे अनुयायी म्हणतात. दोघांचाही वाद चालतो तो कौन्सिलातील भाषणे आणि वृत्तपत्रांतील अग्रलेख ह्यांच्या आधारावर.

ह्या पक्षाची खरी परीक्षा कौन्सिलात झाली नाही, ती ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, डहाणू व तलासरी ह्या जंगलपट्टीत झाली, असे आमचे मत आहे. त्या परीक्षेचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे श्रीमती गोदावरी परुळेकर ह्यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला व १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ होय. तो साम्यवादी चळवळीचा ग्रंथ म्हणून वाचला जातो, आणि ते यथायोग्यच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो प्रागतिक पक्षाच्या इतिहासाचे एक साधन म्हणून वाचणार आहो.

(१) मुलूख आणि त्याची स्थिती

प्रथम स्थलनिर्णय करावयास हवा. आज तलासरी हा स्वतंत्र तालुका आहे व १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणूसह तो पालघर जिल्ह्यात मोडतो. आम्ही ज्या काळाविषयी लिहीत आहो त्या काळी तलासरीकडील गावे उंबरगाव पेट्यात होती. १९६० च्या विभागणीत उंबरगावचा काही भाग गुजरातेत गेला व तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. डहाणू तालुक्याचे दोन भाग पडतात. रेल्वेच्या पश्चिमेस समुद्रकाठ, वाड्या, बागा, शाळा व बाजार. पूर्वेस डोंगर, जंगल, गवताची कुरणे आणि वारल्यांचे पाडे. वारली, कोकणा, दुबळा, धोडिया व कातकरी ह्या जाती तेथे राहतात. त्यांत वारल्यांची संख्या मोठी. जंगलातील लाकूड आणि कुरणातील गवत मुंबईस जाई. मुंबईच्या तबेल्यांतील जनावरे ज्या गवतावर पोसत, ते कापणाऱ्या हातांस काय मिळते ह्याची मुंबईस वार्ता नसे.

१९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील काही भाग ‘अंशतः वगळलेले’ ठरविले गेले. ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे त्यांत होते. बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ १९३७ साली अधिकारावर आल्यावर ह्या भागांच्या चौकशीचे काम डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याकडे देण्यात आले. त्याचा अहवाल वाचण्यासारखा आहे. जंगलपट्टीतील कुळास जमीनदार बोलावील त्या दिवशी आपले काम टाकून त्याच्या कामावर जावे लागते, मोबदला नाममात्र किंवा मुळीच मिळत नाही, आणि नकार दिल्यास मार बसतो, असे ह्या अधिकाऱ्याने स्पष्ट नमूद केले आहे. त्याहून दारुण प्रकार लग्नगड्यांचा. लग्नाच्या खर्चास सावकाराकडून थोडी रक्कम घ्यावयाची आणि तिच्या फेडीसाठी नवराबायको दोघांनी त्याच्या घरी राबावयाचे. कर्ज फिटत नसे आणि गडी सुटत नसे.

‘वेठ’ हा शब्द आपल्या भाषेत किती जुना आहे हे येथे ध्यानी घ्यावे. संस्कृत ‘विष्टि’ शब्दापासून प्राकृताच्या द्वारे तो मराठीत आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीचा उल्लेख आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावास ज्या सवलती मिळत त्यांत विष्टीपासून सूट हीही एक असे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा राजा ब्राह्मणास गाव देताना ज्या जाचातून ते मुक्त करी, तोच जाच विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, मुंबईपासून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर, शब्दासह जिवंत होता. बेगार हा फारसी शब्द त्यास पुढे येऊन चिकटला, वस्तू एकच.

आणि हे सर्व कायद्याविरुद्ध होते. गुलामगिरीस कायद्याची मान्यता नाही असे १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने ठरविले होते. बेकायदा सक्तीने श्रम करविणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमाखाली गुन्हा होता. कायदा होता, कोर्ट होते, शिक्षाही लिहिलेली होती. फिर्याद करणारा मनुष्य मात्र नव्हता. आमच्या प्रतिपादनाचा सारा भार ह्या एका गोष्टीवर आहे.

(२) प्रागतिकांची मीमांसा

प्रागतिक पक्षाची तत्त्वे कोणती होती? व्यक्तीचे स्वातंत्र्य, कायद्याचे राज्य, लोकशिक्षण, सनदशीर मार्ग आणि मालमत्तेची व कराराची पवित्रता. पहिली चार तत्त्वे डहाणूच्या वारल्यास तारक ठरली असती. पाचव्याने ती चारही निष्फळ केली. लग्नगड्याचे बंधन कागदावर करारच होते. कर्ज त्याने स्वखुशीने घेतले, अंगठा स्वतः उठविला, मग बंधन कोठे आले? असा प्रश्न कराराच्या दृष्टीने विचारता येतो, आणि त्या दृष्टीने पाहणाऱ्यास त्याचे उत्तर सापडत नाही.

येथे १९०१ सालचे एक प्रकरण आठवते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. साऱ्याच्या थकबाकीसाठी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्यास देताना ती त्यास विकता वा गहाण टाकता येऊ नये, असा अधिकार सरकारने त्यात मागितला होता. सर फेरोजशहा मेहता, गोखले व त्यांचे सहकारी ह्यांनी विधेयकास कसून विरोध केला, आणि तो मानला जात नाही असे दिसताच ते कौन्सिलातून उठून गेले. ह्या सभात्यागाचे वर्णन प्रत्येक चरित्रात बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून येते. सरकारचा हेतू निर्मळ होता असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ जबर सारा हे आहे, सावकार हे निमित्त आहे, हे प्रागतिकांचे म्हणणे दख्खनच्या काळ्या जमिनीपुरते पुष्कळसे खरेही असेल. पण डहाणूच्या जंगलात वारल्याच्या हातून जमीन जाऊन तो स्वतःच्या शेतावर कूळ झाला, आणि कूळ झाला म्हणून वेठीस लागला. जमीन विकण्याच्या ज्या स्वातंत्र्यासाठी आमचे पुढारी सभागृह सोडून गेले, त्या स्वातंत्र्याचा उपयोग तेथे जमीन घेणाऱ्यासच झाला. चरित्रकारांनी हे प्रकरण लिहिताना ही दुसरी बाजू नोंदविली असती तर त्यांच्या नायकाचे तेज कमी झाले नसते. इतिहास मात्र पुरा झाला असता.

दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ साली झालेला ऋणनिवारणाचा कायदाही आरंभी पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर ह्या चार जिल्ह्यांपुरताच होता. तेथे दंगे झाले होते. डहाणूत दंगा झाला नव्हता. ज्या प्रदेशाने आवाज केला त्याचे दुःख सरकारास आणि पुढाऱ्यांसही आधी दिसले.

शिक्षणाची गोष्ट घ्या. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कौन्सिलात मांडले. ते १९१२ साली फेटाळले गेले. पुढे प्रागतिक मंत्री रँग्लर परांजपे ह्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. ही कामे थोर आहेत. परंतु लग्नगड्याचा मुलगा सावकाराची गुरे राखीत असे. त्यास शाळेत पाठविण्याची सक्ती कोणावर करावयाची? बापावर म्हणावे, तर बाप स्वतःच दुसऱ्याच्या सक्तीखाली. मताधिकारही सारा, कर वा शिक्षण ह्यांच्या आधारावर मिळे. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि अक्षरओळख नाही त्यास मत नाही. म्हणजे प्रागतिकांनी वर जाण्यासाठी उभारलेल्या शिडीच्या सर्व पायऱ्या चांगल्या होत्या, तळची तेवढी नव्हती. मनुष्य मोकळा आहे असे गृहीत धरून त्यांचे सर्व राजकारण पुढे चालले होते.

(३) डेन्मार्कचा दाखला

सहकार व लोकशिक्षण ह्यांविषयी लिहिताना डेन्मार्क देशाचा दाखला देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तेथील उदारमतवादी पक्षांच्या इतिहासाकडे मात्र आमच्या लेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत प्रश्नास तो फार उपयोगी आहे.

डेन्मार्कातही एक प्रकारची वेठ होती. १७३३ साली तेथे असा कायदा झाला की शेतकरी वर्गातील पुरुषाने विशिष्ट वयापर्यंत आपल्या जन्मस्थानची जहागीर सोडून जाऊ नये. जहागीरदारास मजूर मिळावेत आणि राजास शिपाई मिळावेत, हा त्याचा हेतू. हे बंधन १७८८ साली राजाज्ञेने तुटले. पुढे पुष्कळ कुळांस जमिनी मालकीने घेता आल्या. १८१४ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १८४४ साली ग्रुंटविग ह्याच्या विचारानुसार पहिले लोकविद्यालय निघाले. १८४६ साली ‘शेतकरी-मित्र’ म्हणून एक सभा स्थापन झाली, आणि १८४९ साली राज्यघटना मिळाली. ‘व्हेन्स्त्र’, म्हणजे ‘डावा’, हा उदारमतवादी पक्ष १८७० साली उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीशी शिकलेला व जमिनीचा धनी असलेला शेतकरी उभा होता. राजाने नेमलेले उजवे मंत्रिमंडळ १८७५ पासून जवळजवळ वीस वर्षे एकाच प्रधानाने रेटले, तरी हा पक्ष मोडला नाही. १९०१ साली राज्यकारभार त्याच्या हाती आला.

ह्या पक्षासही आपला डहाणू होता, ही गोष्ट विशेष आहे. व्हेन्स्त्र पक्ष मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांचा होऊन बसला. अल्पभूधारक व शेतमजूर मागे राहिले. १८४९ च्या घटनेने दुसऱ्याच्या घरी चाकरीस असलेल्यांस मत दिलेच नव्हते. ते १९१५ साली मिळाले. तेव्हा पक्षातील एक गट १९०५ साली बाहेर पडला व त्याने ‘रादिकाल व्हेन्स्त्र’ हा नवा पक्ष काढला. शहरातील विद्वान आणि खेड्यातील अल्पभूधारक ह्यांचा तो मेळ होता. १९१९ साली ह्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाने मोठ्या वंशपरंपरागत जहागिऱ्यांची बंधने सोडवून त्यांतील काही जमीन अल्पभूधारकांसाठी मोकळी केली.

१९०५ हेच भारत सेवक समाजाच्या स्थापनेचे साल. त्या देशात उदारमतवाद्यांतील एक तुकडी त्या वर्षी खाली शेतमजुराकडे वळली. आपल्याकडे त्या वर्षी निघालेल्या समाजाने जन्मभर सेवेचे व्रत घेतलेले कार्यकर्ते निर्माण केले, पण ज्यांची सेवा करावयाची ते लोक पक्षाचे घटक झाले नाहीत. हा भेद कार्यकर्त्यांच्या तळमळीत शोधून सापडणार नाही. सुधारणेचा क्रमच निराळा होता. डेन्मार्कात आधी बंधन सुटले, मग शाळा आली, मग मत, मग पक्ष. आपल्याकडे पक्ष आधी झाला, शाळेचे विधेयक त्याच्या मागून आले, आणि बंधन सोडविण्याचे काम कार्यक्रमात लिहावयाचेच राहून गेले.

(४) सेवक आणि त्यांचा त्याग

ह्यावर पूर्वपक्ष असा येईल की, प्रागतिकांनी आदिवासींकडे पाहिलेच नाही हे म्हणणे अन्यायाचे आहे. भारत सेवक समाजाचे सदस्य अमृतलाल ठक्कर ह्यांनी १९२२ साली दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ काढले; ना. म. जोशी ह्यांनी मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीग चालविली व कामगार संघटनेचा पाया घातला. हे पूर्णपणे खरे आहे, आणि आम्ही त्यांस नमस्कार करूनच पुढे लिहितो. ठक्करबाप्पांचे दाहोद हेही त्याच ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांपैकी एक. परंतु जोश्यांनी गिरणीत संघटना उभारली तशी जंगलात कोणी उभारली नाही. आश्रम, वसतिगृह, दवाखाना ही जंगलातील सेवेची रूपे. ह्यांपैकी कोणत्याही रूपाने सावकारापुढे ‘मी येत नाही’ असे म्हणण्याचे बळ येत नाही.

ते बळ आणणारे दोघे मात्र ह्याच समाजाच्या घरातून बाहेर पडले. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यातील, वकिलाच्या कन्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर, आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. मुंबईत साक्षरताप्रसाराचे काम त्यांनी केले. शामराव परुळेकर हेही समाजाचेच सदस्य. १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले आणि खोतीविरोधी चळवळीत पुढे राहिले. १९३९ साली उभयतांचा विवाह झाला, व त्याच सुमारास समाज सोडून ते साम्यवादी पक्षात गेले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली. झरी गावचे माह्या धांगडा तेथे गेले होते. २३ मे १९४५ रोजी त्यांच्या झरी गावात काही हजार वारली जमले आणि त्यांनी निश्चय केला : वेठ करावयाची नाही, रोख बारा आणे रोज मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबावयाचे नाही, कोणी अंगावर आल्यास प्रतिकार करावयाचा, आणि एकजूट मोडावयाची नाही.

वाचकांनी ह्या चार गोष्टी पुन्हा वाचाव्यात. सक्तीच्या श्रमास नकार, मजुरीचा उघड व रोख करार, देहाचे रक्षण आणि संघटनेचे स्वातंत्र्य. ह्यांतील एकही गोष्ट अशी नाही की जी उदारमतवादाच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. झरीस लाल बावटा उभारला गेला आणि त्याखाली प्रागतिकांचा, त्यांनी कधी न लिहिलेला, पहिला कार्यक्रम वाचला गेला. परुळेकर दांपत्य मनाने प्रागतिकच राहिले होते, असा दावा आम्ही करीत नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचे अंतिम ध्येय, जमिनीविषयीचे मत व वर्गविचार सर्वस्वी निराळे होते. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या पायरीवर त्यांनी प्रथम पाय ठेवला ती प्रागतिकांची होती, आणि ती त्यांस प्रागतिकांचे घर सोडून बांधावी लागली.

ह्याची किंमतही पडली. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ह्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. पुढे खेरांचे मंत्रिमंडळ पुनः अधिकारावर असताना परुळेकर दांपत्यास जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. ज्या मंत्रिमंडळाच्या पूर्वावताराने चौकशीचा हुकूम काढला, त्याच्याच काळात चौकशीतील दुःखाचा उपाय करू पाहणारे हद्दपार झाले, हे ध्यानात ठेवावे; आणि वेठीचा मोड त्याच वर्षांत झाला, हेही ध्यानात ठेवावे.

(५) ग्रंथाचे परीक्षण

आता ग्रंथाकडे वळू. साधन म्हणून त्याच्या मर्यादा प्रथम सांगतो. घटना १९४५ ते १९४७ च्या. ग्रंथ त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. शामरावांची इंग्रजी पुस्तिका ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ १९४७ सालची, म्हणजे घटना ताज्या असतानाची आहे. तेव्हा तारखा, दर व संख्या ह्यांविषयी दोहोंत फरक दिसेल तेथे पुस्तिकेस प्राधान्य द्यावे. ग्रंथातील संवाद हे स्मृतीतून पुनः रचलेले आहेत. त्यांस शब्दशः साक्ष न मानता आशयाची साक्ष मानावे. दुसरी मर्यादा अशी की, ग्रंथकर्त्रींचे प्रागतिक पूर्वायुष्य ग्रंथात पार्श्वभूमीला राहते. विषयाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्यामुळे वाचकास कार्यकर्ती एकदम जंगलात प्रकट झाल्यासारखी वाटते. तो दुवा जोडणे हे इतिहासकाराचे काम. तिसरी मर्यादा, जमीनदारांची बाजू त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांवरून येथे येत नाही.

ह्या तिसऱ्या आक्षेपाचे निराकरण मात्र सुलभ आहे. सिमिंग्टन हा सरकारी अधिकारी होता. चळवळीशी त्याचा संबंध नव्हता आणि त्याचा अहवाल चळवळीच्या कित्येक वर्षे आधीचा आहे. वेठ, मारहाण, नाममात्र मोबदला आणि लग्नाच्या कर्जाची गुलामी ह्या मुख्य गोष्टींविषयी त्याची व गोदावरीबाईंची साक्ष एकच आहे. परस्परविरुद्ध बाजूंस उभे असलेले दोन साक्षीदार एकमेकांशी संकेत न करता एकच हकीकत सांगतात, तेव्हा न्यायसभेत ती हकीकत सिद्ध मानली जाते. इतिहाससभेतही मानली जावी.

ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या नावातच आहे. आम्ही संस्कृत व्याकरणाचे विद्यार्थी. आमची दृष्टी प्रथम क्रियापदावर जाते. ‘जागा होतो’ हे क्रियापद अकर्मक आहे व त्याचा कर्ता ‘माणूस’ आहे. ‘जागा करतो’ असे लिहिले असते तर माणूस कर्म झाला असता आणि कर्तृत्व दुसऱ्या कोणाकडे गेले असते. प्रागतिकांचे आवडते क्रियापद ‘सेवा करणे’ हे. त्यास ‘कोणाची’ हा प्रश्न नेहमीच लागतो, आणि ज्याची सेवा करावयाची तो वाक्यात षष्ठीतच राहतो. प्रथमेत येत नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना जो स्वतंत्र तो कर्ता असे म्हटले आहे. प्रागतिकांनी हे सूत्र उलटे वाचले असे म्हणावेसे वाटते : आपण कर्ते होऊन दुसऱ्यास हळूहळू स्वतंत्र करू, असा त्यांचा क्रम होता. झरीच्या लोकांनी ‘नाही’ म्हटले त्या क्षणी ते स्वतंत्र झाले आणि त्याच क्षणी कर्ते झाले. दोहोंत अंतर राहिले नाही. आता, गोदावरीबाई तेथे नसत्या तर माह्या धांगडा टिटवाळ्यास कोणाकडे गेले असते, असा प्रश्न कोणी करील. तो योग्य आहे. व्याकरणातही प्रयोजकास स्थान आहे. परंतु प्रयोजकाने आपले नाव शीर्षकात घातलेले नाही, ह्याचे आम्हांस मोल वाटते.

(६) उपसंहार

ह्या लेखात आमचा स्वतःचा एक हिशेब आहे, तो लपविणे बरे नव्हे. आम्ही कित्येक वर्षे समुद्रकाठच्या एका शाळेत अध्यापन केले. दर १९ फेब्रुवारीस गोखल्यांच्या पुण्यतिथीनिमित्त मुलांस त्यांचे चरित्र सांगण्याचे काम आमच्याकडे असे, आणि ते आम्ही भक्तीने करीत असू. पूर्वेकडील पाड्यांवरून येणारी वारली मुले मागील बाकांवर बसत. गवताच्या व भाताच्या हंगामात ती दिसेनाशी होत, आणि आम्ही हजेरीपटावर ‘अनास्था’ असा शेरा लिहीत असू. त्यांतील काहींचे आजोबा झरीच्या सभेत बसले होते हे आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळले. ज्या महापुरुषाने सक्तीच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले त्याचे चरित्र आम्ही सांगत होतो. समोरच्या मुलाच्या घरी सक्तीची दुसरी कोणती स्मृती आहे, हे आम्ही विचारले नाही. प्रागतिक पक्षाचा जो दोष आम्ही वर सांगितला, तो आमच्या वर्गातही होता.

गोखल्यांचे नाव मात्र ह्या मुलखात आजही आहे. नाशिकच्या गोखले एज्युकेशन सोसायटीने बोर्डी येथे शाळा चालविली व कोसबाडच्या टेकडीवर कृषिसंस्था काढली. त्याच कोसबाडास ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी आपले बालशिक्षणाचे काम नेले. ताराबाई ह्या प्रार्थनासमाजाचे सदाशिवराव केळकर ह्यांच्या कन्या, म्हणजे त्याच उदारमतवादी परंपरेतल्या. गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पण क्रम ध्यानी घ्यावा : कोसबाडचे हे काम १९५६-५७ नंतरचे, झरीची सभा १९४५ ची. आधी बाप मोकळा झाला, मग मुलापर्यंत शाळा पोहोचली. प्रौढ मताधिकार आल्यावर १९५७ साली ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले. बंधन, मग मत व शाळा, हा डेन्मार्कचाच क्रम डहाणूत येऊन ठेपला. कोणत्याही प्रागतिक पुढाऱ्याने तो आखला नव्हता. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा सर्वदेशीय कायदा व्हावयास मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

सारांश, प्रागतिक पक्ष राजनिष्ठेमुळे बुडाला की काळामुळे, ह्या जुन्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. त्याच्या तत्त्वांची कसोटी जेथे लागली तेथे ती तत्त्वे खरी ठरली, पक्ष अपुरा पडला, असा आमचा निष्कर्ष आहे. ह्यापुढे जो कोणी ह्या पक्षाचा इतिहास लिहील त्याने डेक्कन सभेच्या इतिवृत्तांबरोबर सिमिंग्टनचा अहवाल, शामरावांची पुस्तिका आणि गोदावरीबाईंचा ग्रंथ हे तीन कागद समोर ठेवावेत. आणि एक विनंती मंडळाच्या सभासदांस. डहाणू-तलासरीकडील जुन्या घरांतून लग्नाच्या कर्जाचे रोखे, सावकारी वह्या व कुळांचे कबुलायतींचे कागद अद्याप कोठे कोठे असण्याचा संभव आहे. पाड्यांवर १९४५ साल पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. कागद वाळवीच्या आधी आणि माणसे काळाच्या आधी गाठली पाहिजेत. त्या रोख्यांवर ज्यांचे अंगठे आहेत त्यांची नावे तरी ह्या त्रैमासिकात छापली जावोत. इत्यलम्.